सुरतेच्या पटेलांसाठी अमेरिकेचं दार कुणी उघडलं?

डिसेंबर लागला की सुरत जिल्ह्यातल्या बारडोली, पलसाणा, कामरेज या तालुक्यांतल्या गावांत वर्दळ वाढते. वर्षभर कुलूपबंद असलेल्या बंगल्यांची दारं उघडतात, लग्नांचे मांडव पडतात, सुरतेत तापीकाठी पोंक विकणाऱ्यांपाशी गर्दी होते. पोंक म्हणजे आपला हुरडा. ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खायचे, ही सुरतेची हिवाळी रीत. या दिवसांत तिथं भेटणाऱ्या अनेकांचा पत्ता टेक्सास, जॉर्जिया, टेनेसी किंवा कॅलिफोर्नियाचा असतो. गावातल्या शाळेच्या नि दवाखान्याच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी देणग्यांमागे अमेरिकेतल्या हमरस्त्याकडेचं एखादं मोटेल उभं असतं.

भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांनी उभारलेल्या ‘एशियन अमेरिकन हॉटेल ओनर्स असोसिएशन’चे आज सुमारे २०,००० सदस्य आहेत. अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं आपल्या सदस्यांच्या मालकीची आहेत, असं ही संघटना सांगते. या मालकांत गुजराती बहुसंख्य, आणि गुजरात्यांतही दक्षिण गुजरातचे, म्हणजे जुन्या सुरत जिल्ह्याची, पटेल आणि भक्त आडनावांची कुटुंबं आघाडीवर.

हे कसं घडलं, असं सुरतेत कुणालाही विचारलं तर उत्तर तयार असतं: कष्ट, काटकसर आणि नातलगांचा आधार. हे उत्तर खरंच आहे. पण कष्टानं माणूस तिथं टिकला कसा, एवढंच त्यातून कळतं. मुळात त्याला आत येऊ कुणी दिलं? १९६५पूर्वी तेवढेच कष्टाळू, तेवढेच काटकसरी पटेल सुरतेच्या शेतांवर राबत होते. पण अमेरिकेचं दार त्यांना जवळपास बंद होतं. ते उघडलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यानं, आणि त्या लढ्याच्या काही निर्णायक चकमकी चक्क मोटेलांच्या अंगणात झाल्या. सुरतेच्या यशोगाथेत हा भाग फारसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा.

वर्षाला शंभर माणसं

१९१७ साली अमेरिकेनं आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना देशात यायला बंदी केली. त्या पट्ट्यात हिंदुस्थान होता. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केली होती. त्याचाही उपयोग झाला नाही. १९२४च्या कायद्यानं तर कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची याचे कोटे बांधून टाकले. उत्तर आणि पश्चिम युरोपला भरभरून वाटा मिळाला, बाकीच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

१९४६मध्ये हिंदुस्थानींना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण येण्याचा कोटा ठरला वर्षाला १००. देशाची लोकसंख्या कोट्यवधी आणि परवाने शंभर.

तरीही काही थोडे सुरती त्याआधीच पोहोचले होते. त्यांच्यातलं सर्वांत ठळक नाव कानजी मनछू देसाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकी सरकारनं छावण्यांत डांबलं. सॅक्रामेंटोतल्या अशाच एका जपानी कुटुंबाचं छोटं हॉटेल देसाईंनी चालवायला घेतलं. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डफील्ड हॉटेल चालवू लागले. मागाहून येणाऱ्या गाववाल्यांना तिथं आसरा मिळे, आणि हॉटेल भाड्यानं घेऊन चालवण्याचा सल्लाही. सुरत ते सॅन फ्रान्सिस्को ही वाट अशी पडली. एका समाजावर अन्याय झाला म्हणून रिकाम्या झालेल्या जागेत दुसऱ्या समाजाला पाय ठेवायला मिळाला, हेही तिच्या सुरुवातीलाच नोंदवायला हवं. पण ती पायवाटच होती. हमरस्ता व्हायला अजून वीस वर्षं जायची होती.

दांडी, नागपूर, नॅशव्हिल

या वीस वर्षांत अमेरिकेत जे घडलं, त्याचा एक धागा खुद्द सुरतेत सापडतो. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा भरायचं नाकारलं. २२ टक्क्यांची वाढ अखेर चौकशीनंतर सुमारे ६ टक्क्यांवर आली, आणि वल्लभभाई ‘सरदार’ झाले. १९३०मध्ये गांधीजींनी मीठ उचललं ते दांडीला, तेही त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातच. निःशस्त्र माणसांनी शिस्तीनं कायदा मोडायचा, मार खायचा, पण हात उगारायचा नाही, ही रीत या मातीत तावूनसुलाखून निघाली.

ती अमेरिकेत नेणाऱ्यांमध्ये एक तरुण नागपूरहून गेला. जेम्स लॉसन हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा कृष्णवर्णीय. कोरियन युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगात राहिलेला. १९५३ साली तो मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. मुलांना खेळ शिकवायचा, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. डिसेंबर १९५५मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यानं बातमी वाचली, की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री आहे. आपण इथं जे शिकतोय ते तिथं सुरू झालंय, हे लॉसनला उमगलं. १९५६मध्ये तो परतला. पुढच्या वर्षी किंगशी भेट झाली तेव्हा किंग यांनी त्याला दक्षिणेत यायची गळ घातली.

लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेला आणि १९५९पासून विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागला. चर्चमधल्या एका खोलीत खुर्च्या मांडायच्या. काही मुलांनी उपाहारगृहात बसलेल्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांची भूमिका घ्यायची, बाकीच्यांनी त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या गोऱ्या जमावाची. शिव्या घालायच्या, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली खेचायचं. बसलेल्यानं डोकं हातांनी झाकून घ्यायचं, पण उलट वार करायचा नाही. संताप आला तर तो कसा गिळायचा, याची ही तालीम होती. १९६०च्या फेब्रुवारीत हीच मुलं नॅशव्हिलच्या दुकानांत, जिथं कृष्णवर्णीयांना खायला देत नसत, तिथं जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. मे महिन्यात शहरातल्या दुकानांनी माघार घेतली. डायेन नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हल ही पुढे देशभर गाजलेली नावं याच वर्गातली.

दरम्यान किंग स्वतः १९५९मध्ये महिनाभर भारतात येऊन गेले. सुरत जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंगी बाणवलेली लढाईची रीत अशी समुद्रापार पोहोचली. तिकडून जे परत आलं, ते कायद्याच्या रूपानं.

मोटेलच्या अंगणातली लढाई

मोटेल म्हणजे मोटारीनं प्रवास करणाऱ्याचा रात्रीचा मुक्काम. गाडी खोलीच्या दाराशी लावायची, झोपायचं, सकाळी पुढे निघायचं. गोऱ्या प्रवाशाला हे सोपं होतं. कृष्णवर्णीय कुटुंबाला मात्र शेकडो मैल गाडी हाकूनही अंथरूण मिळेलच याची खात्री नसे. लोक गाडीतच झोपत, लहान मुलांसाठी पाणी नि डबा बरोबर बाळगत. व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्यानं १९३६पासून ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका काढायला घेतली. कोणत्या गावात कृष्णवर्णीयांना उतरू देतात, खायला देतात, याची ती यादी. ती तीस वर्षं निघत राहिली. १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला जमलेल्या सुमारे अडीच लाख लोकांपुढे बोलताना किंग यांनी हमरस्त्यांवरच्या मोटेलांत जागा न मिळण्याचा उल्लेख मुद्दाम केला, तो याच अनुभवातून.

त्याच वर्षी मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये, चळवळीचं मुख्य ठाणं असलेल्या ए. जी. गॅस्टन यांच्या मोटेलवर बॉम्ब टाकला गेला. पुढच्या वर्षी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी मॉन्सन मोटर लॉजच्या पायरीवर किंग यांना अटक झाली. आठवडाभरानं, १८ जून १९६४ रोजी, कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते मिळून त्याच लॉजच्या पोहण्याच्या तलावात उतरले. व्यवस्थापकानं फरशी धुवायचं आम्ल तलावात ओतलं. पाण्यात किंचाळणारी माणसं आणि काठावरून बाटली उपडी करणारा माणूस, हे छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सिनेटनं नागरी हक्क विधेयक मंजूर केलं. २ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली. हॉटेल, मोटेल, उपाहारगृह, सिनेमागृह यांत वर्णावरून कुणाला नाकारणं बेकायदा ठरलं.

सही झाल्यावर काही तासांतच त्याला आव्हान दिलं गेलं, तेही एका मोटेलमालकाकडून. जॉर्जियातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक मोर्टन रोल्स्टन स्वतः वकील होता. आपल्या मर्जीविरुद्ध गिऱ्हाईक घ्यायला लावणं म्हणजे आपल्याला गुलामगिरीत ढकलणं आहे, असाही मुद्दा त्यानं मांडला. गुलामगिरी संपवण्यासाठी केलेली घटनादुरुस्ती गुलामांच्या वंशजांनाच दाराबाहेर ठेवायला वापरली जात होती. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. या मोटेलचे सुमारे तीन चतुर्थांश पाहुणे परराज्यांतून येतात, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार आहे, आणि त्याचे नियम ठरवायचा संसदेला अधिकार आहे. कायदा टिकला.

भावाबहिणींचं कलम

या वातावरणात कोट्यांची जुनी पद्धत उघडी पडली. देशातल्या देशात वर्णभेद गुन्हा, आणि देशाच्या दारात मात्र वंश बघून प्रवेश, हे फार काळ चालणं शक्य नव्हतं. शिवाय आशिया-आफ्रिकेत नवे देश स्वतंत्र होत होते. त्यांना आपल्या बाजूला ठेवायचं तर त्यांच्या माणसांना कमी लेखणारा कायदा अडचणीचा होता.

ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर यांनी १९२४ साली, अगदी नवखे असताना, कोट्यांच्या कायद्याला विरोध केला होता. चाळीस वर्षांनी तेच लोकप्रतिनिधी सभागृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. १९६४चा नागरी हक्क कायदा त्यांच्याच समितीतून पुढे गेला, आणि १९६५चा स्थलांतर कायदा त्यांच्या आणि सिनेटर फिलिप हार्ट यांच्या नावानं ओळखला जातो. ऑगस्ट १९६५मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायाशी बसून स्थलांतर कायद्यावर सही केली. हा काही क्रांतिकारी कायदा नाही, असं ते त्या भाषणात म्हणाले. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० परवाने आणि कोणत्याही एका देशाला २०,०००ची मर्यादा. भारताचा आकडा १००वरून २०,०००वर गेला.

पण सुरतेसाठी त्यातला खरा मजकूर होता प्राधान्यक्रमात. सरकारचा मूळ विचार शिकलेल्या, कुशल लोकांना पहिलं स्थान द्यायचा होता. ओहायोचे खासदार मायकेल फीगन यांनी आग्रह धरून नातेसंबंधांना वरचं स्थान मिळवून दिलं. अमेरिकेत नातलग कुणाचे असणार? गोऱ्या युरोपीयांचेच. म्हणजे नातलगांना प्राधान्य दिलं की देशाचा रंग बदलणार नाही, असा हिशेब होता. एकूण परवान्यांपैकी २४ टक्के नागरिकांच्या भावाबहिणींसाठी राखले गेले.

हिशेब पार उलटा पडला. साठ-सत्तरच्या दशकांत युरोप सुस्थितीत होता, तिथून यायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. ज्यांच्याकडे गोतावळा मोठा आणि यायची ओढ दांडगी, अशा आशियाई कुटुंबांनी हे कलम पुरेपूर वापरलं.

सुरतेत ते कसं चाललं? घरातला एक जण शिक्षणासाठी किंवा नोकरीवर गेला. पाच वर्षांनी नागरिक झाला. मग त्यानं भावाचा अर्ज भरला, बहिणीचा भरला. भावाबरोबर त्याची बायको आणि मुलं गेली. पुढे वहिनी नागरिक झाली, की तिच्या माहेरच्यांची रांग सुरू. कागद आले की सुरतेहून सकाळची ‘फ्लाइंग राणी’ पकडायची, मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. पुण्या-मुंबईची मराठी माणसं त्याच काळात मुख्यतः डॉक्टर, इंजिनियर म्हणून, पदवीच्या जोरावर गेली. शिकागोत १९६९मध्ये महाराष्ट्र मंडळ आणि १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं ते याच लाटेतून. सुरती पटेल मोठ्या प्रमाणावर नात्याच्या जोरावर गेला, म्हणून त्याच्यामागे गावच्या गाव गेलं. १९६० साली अमेरिकेत भारतात जन्मलेली माणसं जेमतेम १२,००० होती. १९८०मध्ये ती दोन लाखांवर गेली.

पडझडीतला धंदा

ते पोहोचले ती अमेरिका मात्र कोसळण्याच्या बेतात होती. व्हिएतनाममध्ये ५८,०००हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. १९६७मध्ये एकट्या डेट्रॉइटच्या दंगलीत ४३ बळी गेले. १९६८मध्ये किंग आणि रॉबर्ट केनेडी दोन महिन्यांच्या अंतरानं मारले गेले. शहरं पेटली, गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली. मग वॉटरगेट घोटाळा आला. १९७४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी गुजरातही पेटलं होतं. मेसच्या वाढलेल्या बिलावरून अहमदाबादच्या इंजिनियरिंग कॉलेजात सुरू झालेलं नवनिर्माण आंदोलन राज्यभर पसरलं, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना जावं लागलं. महागाईनं दोन्हीकडची माणसं हैराण होती. १९७२मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेले गुजरातीही नवं ठिकाण शोधत होते.

मोटेलधंद्यावर तर दुहेरी घाव पडला होता. १९५६च्या कायद्यानं आखलेले नवे आंतरराज्य महामार्ग जुन्या रस्त्यांना बगल देऊन गेले. त्यामुळे जुन्या रस्त्यांवरच्या वीस-तीस खोल्यांच्या मोटेलांचं गिऱ्हाईक आटलं. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. लोकांनी प्रवासच कमी केला. ही मोटेलं चालवणारी गोरी जोडपी म्हातारी झाली होती आणि मुलांना त्यात रस नव्हता. किमती उतरल्या. विकणारा पुष्कळदा रक्कम हप्त्यांनी घ्यायला तयार असे. सुरती कुटुंबाला याहून सोयीचं काय असणार? पहिला हप्ता नातलगांकडून उसना मिळे, बिनव्याजी, बहुधा शब्दावर. राहायला घर वेगळं घ्यावं लागत नसे. नोकर ठेवावे लागत नसत. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी भागे.

नोकर नाहीत म्हणजे काम घरच्यांनी करायचं. काउंटरच्या मागच्या दारापलीकडे दोन खोल्यांचं घर. सकाळी पाहुणे गेले की नवरा-बायको गाडा ढकलत एकेक खोली घेत: चादरी काढायच्या, संडास घासायचा, गालिचा साफ करायचा, टॉवेल धुलाईयंत्रात टाकायचे. शाळेतून आलेली मुलं टॉवेलांच्या घड्या घालत आणि काउंटरवर बसून गृहपाठ करत. रात्री दोनला घंटी वाजली की कुणीतरी उठून किल्ली द्यायची. फोडणीचा वास काउंटरपर्यंत जाऊ नये म्हणून भाजी मागच्या अंगणात करायची. गावी ज्या बाईनं परक्याचं उष्टं कधी उचललं नव्हतं, ती इथं परक्यांचे पलंग आवरत होती. मोटेलचा नफा होता तो मुख्यतः तिच्या न दिलेल्या पगारातून.

‘मालक अमेरिकन’

पुढचा अनुभव कडू होता. भारतीय मालकांची संख्या वाढली तसे शेजारच्या मोटेलांवर फलक लागले: या मोटेलचे मालक अमेरिकन आहेत. वाटसरूंनी पटेलांकडे उतरू नये, एवढाच त्यांचा अर्थ. विमा कंपन्यांनी भारतीयांच्या मोटेलांना विमा नाकारायला सुरुवात केली. विम्याच्या पैशांसाठी हे लोक आगी लावतात, असा सरसकट संशय होता. बँका कर्ज देईनात. १९८७मध्ये न्यू जर्सीत, जर्सी सिटीच्या परिसरात, भारतीयांना हुसकावून लावायची धमकी देणारी टोळी निघाली. कपाळावरच्या कुंकवाची टवाळी तिच्या नावातच होती. त्या वर्षी शेजारच्या होबोकेन गावात एका पारशी तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला.

या अन्यायाशी लढायला हत्यार कोणतं होतं? कृष्णवर्णीयांनी मिळवलेलं तेच. वर्णावरून व्यवहार नाकारणं बेकायदा आहे, हे तत्त्व आता प्रस्थापित होतं, आणि संघटना बांधून ते मागायचं कसं याचा नमुनाही समोर होता. टेनेसीत मोटेलमालकांनी विम्याच्या प्रश्नावर संघटना काढली. तीच पुढे ‘इंडो अमेरिकन हॉस्पिटॅलिटी असोसिएशन’ झाली. १९८९मध्ये अटलांटात आणखी एक संघटना निघाली. १९९४मध्ये दोन्ही एक झाल्या आणि आजची मोठी संघटना उभी राहिली. भारतीयांनी स्वतःची वेगळी गणना मागितली आणि १९८०च्या जनगणनेत ती मिळाली. १९८२मध्ये लघुउद्योगांच्या सरकारी योजनांत भारतीयांचा समावेश वंचित गटांमध्ये झाला. या योजनांची मूळ मागणी कृष्णवर्णीय उद्योजकांची होती.

टेनेसी आणि अटलांटा. लॉसनच्या कार्यशाळा टेनेसीतल्या, रोल्स्टनचा खटला अटलांटातला. पंचवीस-तीस वर्षांच्या अंतरानं सुरती मालक त्याच भागांत न्याय मागत होते.

लॉरेनचं काय झालं?

या कहाणीत आणखी एक मोटेल आहे, कृष्णवर्णीय मालकांचं. टेनेसीतल्या मेम्फिस शहरातलं ‘लॉरेन’, वॉल्टर आणि लॉरी बेली या जोडप्याचं. भेदाच्या काळात कृष्णवर्णीय गायक-वादक, प्रवासी, कार्यकर्ते तिथं उतरत. १९६८च्या फेब्रुवारीत कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. तेव्हा मेम्फिसमध्ये पाद्री असलेल्या लॉसननं किंग यांना बोलावून घेतलं. ४ एप्रिलला लॉरेनच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर किंग यांना गोळी घातली गेली. पाचव्या दिवशी लॉरी बेलीही गेल्या.

बेलींचं मोटेल नंतर सावरलं नाही. हत्येचा डाग हे एक कारण. दुसरं कारण खुद्द विजयाच्या पोटात होतं. सगळी मोटेलं खुली झाल्यावर कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही मोठ्या साखळी हॉटेलांकडे वळलं आणि भेदाच्या काळात आपल्या लोकांना आसरा देणारे कृष्णवर्णीय मालक मागे पडले. १९८२मध्ये लॉरेनचा लिलाव झाला. एका प्रतिष्ठाननं ते वाचवलं, आणि १९९१पासून तिथं राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. बेलींच्या हातून धंदा सुटत होता, त्याच वर्षांत त्याच राज्यात सुरती कुटुंबं एकामागून एक मोटेलं घेत होती. सुरती माणसाला परदेशातही नातलगांची उसनवारी आणि पुढे बँकेचं कर्ज मिळत गेलं. कृष्णवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या घरासाठी कर्ज नाकारलं गेलं होतं, त्यामुळे गहाण टाकायला त्यांच्याकडे काहीच साठलं नव्हतं.

म्हणूनच ‘आम्ही कष्टानं वर आलो, मग त्यांना का जमत नाही’ हे अमेरिकेतल्या भारतीय घरांत ऐकू येणारं वाक्य अन्यायाचं आहे. आशियाई म्हणजे आदर्श अल्पसंख्य ही कल्पना १९६६पासून अमेरिकी वर्तमानपत्रांत रुजली, आणि तिचा वापर कृष्णवर्णीयांच्या मागण्या मोडीत काढायला झाला. ज्यांच्या लढ्यानं आपल्याला आत घेतलं, त्यांच्याचविरुद्ध आपलं यश पुरावा म्हणून उभं केलं जातं, याची जाण सुरती आणि मराठी, दोन्ही घरांत हवी.

हा हिशेब सुरत जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. पटेल शेतकरी अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांची शेतं कसत होते हळपती, ज्यांच्या मागच्या पिढ्या ‘हाळी’ म्हणून मालकाच्या घराशी कर्जानं बांधलेल्या असत. काकरापार आणि उकाईच्या पाण्यावर उभा राहिलेला बारडोलीचा ऊस तोडायला धुळे-नंदुरबारकडची माणसं कोयते घेऊन येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी साठच्या दशकापासून या मजुरांच्या हालअपेष्टांचा अभ्यास केला. तापी खोऱ्याच्या रेल्वेनं खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत यंत्रमागांवर राबत होती, त्याच दशकांत सुरती कुटुंबं टेक्सासला मोटेलं घेत होती. अमेरिकेत बरोबरीचा हक्क मागणाऱ्या घरानं गावातल्या मजुराला तो दिला का, हा प्रश्न संगमरवरी पाट्यांच्या गावांत विचारला जायला हवा.

भावाबहिणींचं कलम आजही कायद्यात आहे. १९९०च्या फेरबदलानंतर त्याला वर्षाला ६५,००० परवाने मिळतात आणि भारतीय अर्जदाराला पंधरा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. अर्ज भरताना विशीत असलेली बहीण बोलावणं येतं तेव्हा चाळिशीला टेकलेली असते. तिची मुलं २१ ओलांडून गेली, तर त्यांचा हक्कही बहुधा जातो. २०१७मध्ये हे कलम काढून टाकायचा प्रस्ताव अमेरिकी सिनेटमध्ये आला होता. तो मंजूर झाला नाही, पण मागणी कायम आहे. कुटुंबाऐवजी शिक्षण आणि पगार पाहून माणसं निवडावीत, असं तिच्या समर्थकांचं म्हणणं आहे. ती चाळणी १९६५मध्ये लावली असती, तर बारडोली-कडोदच्या फार थोड्या शेतकऱ्यांना अमेरिका दिसली असती. या वादात मोटेलमालकांच्या संघटनांचा आवाज आज वजनदार आहे. तो कुणाच्या बाजूनं उठतो, हे येत्या काही वर्षांत कळेल.